पोथीच्या फडक्यातलं चकत्यांचं पुस्तक

अहो,

काल तुम्हाला माफ करण्यात आलं. पोहोचली का बातमी तिकडे?

तुमचं वर्षश्राद्ध उरकून मी आज दुपारी म्हसवडच्या गाडीनं सांगलीत उतरले. अजून पायसुद्धा धुतलेले नाहीत. दाराला आतून कडी लावली आणि कागद घेऊन बसले. माणसाला खाण्याचा वीट येतो, प्रवासाचा येतो. मला माणसांचाच आलाय, आणि तोही घरच्या. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय घशाखाली पाणी उतरायचं नाही. आणि सांगायचं तरी कुणाला? ज्याला सांगावं तो गेला निघून!

तुम्ही पलटणीत होता तेव्हा मी पत्र लिहायची. निम्मं पत्र तुमच्या आईच सांगायच्या. लिही, म्हस व्याली. लिही, थोरल्यानं हिरीवर इंजान बसवलं. माझं म्हणून काही लिहायला शेवटची दीड ओळ उरायची. आज आख्खा कागद माझा आहे, तेव्हा ऐका.

गुन्हा काय होता तुमचा? तर चकत्या जमवण्याचा. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी काडेपेटीचे छाप, आणि लोक त्यांना हौशी म्हणतात. तुम्ही कॅसिनोतल्या चकत्या जमवल्या. परदेशातल्या त्या जुगारघरांत रोख पैशाऐवजी टेबलावर सरकवतात त्या रंगीत, गोल चकत्या. झालं! मेल्यावर जुगारी ठरलात. गोकुळअष्टमीला पारावर रात्रभर तीन पानी चालते, तिथं साधं बूड न टेकलेला माणूस!

हे सगळं थापाभाऊंपासून सुरू झालं. पलटणीत तुम्ही दोघं एकाच स्टोअरमध्ये. पेन्शन आल्यावर तुम्ही कुपवाडच्या प्लास्टिकच्या कारखान्यात साच्यांचं स्टोअर सांभाळायला लागलात आणि ते काठमांडूत एका कॅसिनोच्या दारावर पहारेकरी झाले. त्यांनी दिवाळीच्या पत्रात कापसात गुंडाळून एक चकती पाठवली. निळी, कडेला पांढरे पट्टे, मध्ये मुकुटाचं चित्र. तुम्ही ती उजेडाकडे धरून फिरवत बसलात ते जेवण गार होईपर्यंत. मला म्हणालात, "कडेची नक्षी बघ. ही छापलेली नाही, साच्यात दाबलेली आहे." मी म्हटलं, आमटी बघा, ती पण गार झालेली आहे.

मग पशुपतिनाथाला गेलो तेव्हा त्या कॅसिनोच्या दारापर्यंत मीही आले होते की! डोक्यावर पदर, हातात प्रसादाची पुडी. थापाभाऊ मागे लागले होते, वहिनी, आत तर या, नुसतं बघा. तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिलात आणि त्यांना म्हणालात, आत नको, ही चकती कशात दाबतात तेवढं कुणाला तरी विचारून ये. जुगाऱ्याचं बोलणं असं असतं का हो? हे मी तुमच्या भावाला सांगितलं. ते म्हणाले, बायको दुसरं काय सांगणार.

छंदापेक्षाही लोकांच्या डोळ्यांवर आली ती तुमची पुस्तकं. चकत्या जमायला लागल्या, कुठल्या बोटीवरच्या, कुठल्या बेटावरच्या, माझा जुना मिसळणाचा डबा भरला, आणि तुम्हाला कळेना की आपल्याकडे आहे तरी काय. त्यासाठी पुस्तक हवं, असं तुमचं म्हणणं. पुण्याच्या नाणीवाल्यांच्या पत्रकात एका अमेरिकन गृहस्थाचा पत्ता सापडला. तुम्ही त्यांना आपली जुनी नाणी पाठवलीत आणि बदल्यात पुस्तक मागवलंत. गणपती दूध पितो म्हणून सारी सांगली वाटी-चमचा घेऊन पळाली, त्याच महिन्यात ते आलं. केवढं जाड! आणि आत काय? अमेरिकेतल्या एका राज्यातल्या चकत्या. फक्त तेवढ्याच. आपल्या डब्यातली एकही त्यात नव्हती! माप न घेता चोळी शिवून आणावी तसं झालं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. तुम्ही हसत सुटलात. दोन दिवस मध्येच आठवून हसायचात.

त्यानंतर मात्र तुम्ही शहाणे झालात. मी मेथी निवडत बसायची आणि तुम्ही पाट ओढून समोर. आधी डबा उघडून आपलं काय आहे ते बघायचं, म्हणायचात, आणि मग पुस्तक. पुस्तकातलं चित्र चकतीएवढंच असलं पाहिजे, म्हणजे चकती त्यावर ठेवून बघता येते. कडेच्या पट्ट्यांबद्दल लिहिलेलं पाहिजे, साच्याच्या नक्षीबद्दल लिहिलेलं पाहिजे. नुसतं नाव देऊन भागत नाही, एकाच चित्राच्या चार वेगवेगळ्या चकत्या निघतात. किंमत छापलेली असेल तर ती कुठल्या सालची ते बघायचं, आणि साल कळलं की किंमत विसरून जायची. एक गोष्ट तर माझ्या डोक्यातच बसली आहे. जो लेखक कुठेतरी "हे मला माहीत नाही" असं लिहीत नाही, त्याचं पुस्तक घेऊ नये. अहो, हे पुस्तकांपुरतंच कशाला ठेवलंत? माणसांनाही लावायला हवं होतं. तुमच्या थोरल्या भावाला तर पहिलं.

तुमच्यावरही राग आहे माझा. तो आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीच्यांकडे वळायला मोकळी.

ते अमेरिकेचं पुस्तक झाकलंत कशाला? मान्य आहे, त्याच्या वरच्या पानावर फासे होते आणि पिसं लावलेली बाई होती, आणि पिसं सोडली तर तिच्या अंगावर विशेष काही नव्हतं. पण शेजारची बाई वाटीभर साखर मागायला आली की पुस्तक उशीखाली! खाकी कागदाचं कव्हर घातलंत. मग कसर लागेल म्हणून फडक्यात बांधलंत. आणि फडकं कुठलं निवडलंत? तुमच्या आई पोथी गावाकडे घेऊन गेल्या तेव्हा तिचं लाल फडकं इथेच राहिलं होतं, ते! त्यात ते नेमकं बसलं म्हणून तुम्ही खूश. एवढा साच्याचा विचार करणारा माणूस, एवढं कसं सुचलं नाही तुम्हाला?

तुम्ही कुपवाडहून लूनावरून येता येता रस्त्याकडेला बसलात आणि बसल्या जागी गेलात. गाव धावून आलं. आपल्याला मूल नाही, म्हणून पाणी थोरल्या भाऊजींनी पाजलं. ते त्यांनी केलं, मी नाही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, दहाव्यापर्यंत घरात पोथी वाचायची. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, मला कुणी विचारलं नाही. त्यांनी कपाट उघडलं आणि त्यांना लाल फडक्यातलं ते बांधलेलं दिसलं. आता आपल्याकडे लाल फडक्यात दुसरं काय असतं? त्यांनी ते कपाळाला लावलं. पाटावर ठेवलं. फूल वाहिलं, उदबत्ती लावली, बाहेर बसलेल्या सगळ्या भावकीला हात जोडायला लावले, घसा खाकरला आणि गाठ सोडली.

खाकी कव्हर तेवढ्यात निसटलं. मी दारातून पाहत होते. हात जोडलेली पंधरा-वीस माणसं, उदबत्तीचा धूर आणि मधोमध ती पिसांची बाई!

खरं सांगू? मला त्या क्षणी हसू फुटणार होतं. तुम्ही असता तर आपण दोघं उठून न्हाणीत जाऊन हसलो असतो. पण तुम्ही नव्हता, आणि पाटापाशी कुणी हसलं नाही. थोरल्या भाऊजींनी हात धोतराला पुसले, जसं काही शेणात पडले होते, आणि म्हणाले, "भाड्या हितं बसून जुगार खेळत हुता म्हणायचा. आनि आमी समजत हुतो, नोकरी करतुया."

भाड्या! गेलेल्या माणसाला, तिसऱ्या दिवशी, त्याच्या घरात बसून! पुस्तक पाप, डबा पाप, दोन्ही अस्थींबरोबर कृष्णेत सोडायचं ठरलं. मी म्हटलं, आधी ते कसलं पुस्तक आहे ते तरी विचारा. कुणी विचारलं नाही.

आणि आता किळस कशाला म्हणतात ते ऐका.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मी पाणी प्यायला उठले तर थोरले भाऊजी चष्मा लावून तेच पुस्तक वाचत होते. पापाचं! तंबाखू मळलेलं बोट जिभेला लावायचं आणि पान उलटायचं. बोट, जीभ, पान. तुम्ही हात धुऊन, पुसून, कडेनं धरून उलटायचात ती पानं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे आणि डॉलरची खूण येते. मांडीवर मिसळणाचा डबा. निळी मुकुटाची चकती पानावर ठेवून बघत होते. पुस्तकातही एक मुकुट होता, अमेरिकेतल्या कुठल्यातरी वाळवंटातल्या हॉटेलचा. त्यापुढे मोठा आकडा होता. थोरल्या भाऊजींचे डोळे असे चमकले की मला शिसारी आली. मी म्हटलं, ते पुस्तक दुसरीकडचं आहे, आपली चकती त्यात नाही. ते म्हणाले, मुकुट त्योच हाय की. काल पाप आणि आज भाव!

मग जाऊबाईंच्या डोक्यात आलं की चकत्या मळलेल्या आहेत, झळकल्या तर किंमत वाढेल. त्यांनी चिंच आणि राख घेतली आणि मोरीत बसून चकत्या घासायला घेतल्या. पितळेच्या तांब्यासारख्या! मी उठले तोपर्यंत निम्म्या झाल्या होत्या. त्या चकत्या मातीसारख्या असतात, कडेची नक्षी नाजूक. सोनेरी अक्षरं गेली, पट्टे पुसले, अंगठ्याला जी खरखर लागायची ती गेली. चकती कधी घासू नये, हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे, तुम्हीच मला मराठीत करून सांगितलं होतं. पण पहिलं पान कुणाला हवंय? सगळ्यांच्या नजरा आकड्यांच्या रकान्यावर. मी ओंजळीत त्या ओल्या, बोडक्या चकत्या घेऊन मोरीत उभी होते आणि जाऊबाई म्हणत होत्या, बगा कशा लख्ख निघाल्या.

मिरजेचा एक जुन्या नाण्यांचा व्यापारी आणला गेला. तुम्हाला जाऊन आठवडा झाला नव्हता, पण त्याच्यासाठी चहा झाला, पोहे झाले. त्यानं एकेक चकती बघितली, घासलेल्या बाजूला सारल्या, त्यातली मुकुटाची बोटावर फिरवली आणि सांगितलं, हे ह्या पुस्तकातलं नाही आणि आता कुठल्याच पुस्तकातलं राहिलं नाही. पोहे मात्र संपवून गेला. तो जिना उतरतो न उतरतो तोच थोरले भाऊजी तंबाखू थुंकून म्हणाले, जुगाराचा पैसा कुणाला लाभत नसतो.

म्हणजे पुन्हा पाप! आकडा दिसला तेवढाच वेळ तुम्ही हौशी होता, आकडा गेला आणि तुम्ही पुन्हा जुगारी.

नदीत मात्र त्यांनी काही सोडलं नाही. तेवढीही तसदी कोण घेतो? डबा आणि पुस्तक मोरीच्या कट्ट्यावर टाकून गाव परत गेलं आणि जाताना ती गोष्ट तेवढी घेऊन गेलं. मग वर्षभर ती गावातल्या गिरणीत दळली गेली. पोथीच्या फडक्यात जुगाराचं पुस्तक! दर खेपेला पुस्तकातल्या बाईच्या अंगावरचं एक पीस कमी होत गेलं. संक्रांतीला मी गावी गेले तेव्हा एका बाईनं मला विचारलं की घर तरी राहिलं का नावावर. आणि हे सगळं पसरवणारे कोण? अष्टमीला पारावर पहाटेपर्यंत पत्ते पिसणारे!

बाकीच्यांचं मी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं. पण तुमच्या आईंनीही तेच धरलं. वर्षभर त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. तुमचा फोटो दिला तो त्यांनी भिंतीवर लावला नाही, कणगीमागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून. मी दोनदा समजावलं. त्या लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन नुसत्या बसायच्या. आईच्या मनातून माणूस उतरला तर बाकी कुठे चढला त्याला काय अर्थ? मला तुमची बदनामी एवढ्याचसाठी जाळत होती. तुम्ही पलटणीतून आलात की आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवायचात, मग माझ्याकडे बघायचात. आठवतं ना?

आता काल.

श्राद्ध झालं, पानं वाढायची होती. भावकी ओसरीवर. थोरल्या भाऊजींनी खिशातून कापसाची पुडी काढली. आत चांदीचा टाक होता, तुमच्या नावाचा. म्हसवडच्या सोनाराकडून उठवून आणलेला. गेलेल्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात बसवला की तो घरच्या वाडवडलांत गेला. मी पदर सावरला. खोटं का बोलू, मला भरून आलं, वाटलं अखेर सुचली बुद्धी.

तर भाऊजी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकला आसंल. नादाला लागला आसंल. पर आपलाच हाय. आमी त्येला माफ क्येलं."

माणसं माना हलवायला लागली. कुणीतरी म्हणालं, मन मोठं पायजे. जाऊबाईंनी डोळे टिपले. सगळ्या ओसरीला आपल्या चांगुलपणाचा पान्हा फुटला! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटी यायच्या आधी सुटतं तसं. शिव्या मी वर्षभर पचवल्या. ही माफी पचेना. शिवी दिली की निदान तिच्यावर भांडता येतं. माफ केलं म्हणजे गुन्हा शाबीत! आणि वर आपण उपकाराखाली!

मी पानं तिथेच ठेवली आणि ओसरीवर गेले. आजवर भाऊजींसमोर मी कधी मान वर केलेली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. काल केली. म्हटलं, माफ केलेला माणूस ह्या देव्हाऱ्यात बसायचा नाही. माझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. बसवायचा असेल तर धड माणूस म्हणून बसवा, नाहीतर तो टाक माझ्याकडे द्या.

भाऊजी हसले. म्हणाले, बायामाणसानं ह्यात पडू नये, आणि टाक घेऊन देव्हाऱ्याकडे वळले. देव्हाऱ्यापाशी आत्या, तुमच्या आई, बसल्या होत्या, नेहमीसारख्या, तोंडावर पदर. त्यांनी हात आडवा केला. मला बोलावलं. विचारलं, त्या चकत्यांपैकी एखादी आहे का तुझ्यापाशी. माझ्या पिशवीत एक होती, जाऊबाईंच्या राखेतून वाचलेली. आत्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ती बोटांनी चाचपली, कडेवरून अंगठा फिरवला, उलटी केली, पुन्हा कडेवरून फिरवला. तुम्ही फिरवायचात अगदी तसा. मला वाटलं होतं, फेकतील.

त्या म्हणाल्या, "किती बारीक काम हाय गं. त्यो सणाला आला की मला म्हणायचा, आई, तुला एक चीज दावतो. मी म्हणायची, ऱ्हाऊ दे रं, जेव आधी. काय हाय म्हून मी कवा इचारलंच न्हाई."

आत्यांनी चकती कनवटीला खोचली. मग थोरल्या भाऊजींच्या हातातून टाक काढून घेतला आणि म्हणाल्या, "थोरल्या, माफी म्हागारी घे."

भाऊजींना वाटलं, म्हातारी बरळतेय. ते म्हणाले, आगं, माफ केलंय म्हटलं ना. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, तेवढ्याच आवाजात. माफी म्हागारी घे. भाऊजींनी सगळ्यांकडे पाहिलं, कुणी त्यांच्याकडे पाहिना, आणि ते तंबाखू थुंकायचं निमित्त करून उठून गेले. जेवायला आले तेही मागच्या दारानं. त्यांनी शब्द मागे घेतलेला नाही. घेतील असंही नाही. माझी किळस जराही कमी झालेली नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. त्यांच्या पानात वाढताना माझा हात आखडत होता.

निघताना आत्यांनी टाक माझ्या ओच्यात घातला. म्हणाल्या, थोरल्याचा ताठा उतरंल तवाच आण.

तेव्हा आता वचन देते, नीट ऐका. थोरल्या भाऊजींनी चारचौघांत "आम्ही चुकलो" असं म्हटल्याशिवाय तुम्हाला त्या देव्हाऱ्यात बसवू देणार नाही. वर्ष लागो, दहा लागोत. आत्या गेल्या तरी मी आहे. माफ केलेले म्हणून तुम्ही कुणाच्या ओळीत बसायचं नाही. तोवर तुम्ही इथेच राहा, माझ्यापाशी, काहीही न केलेले.

तुमचीच,
सुनंदा